अंतोनी की पाखोमियस? मठांचा जनक नक्की कोण

प्रश्न असा आहे की ख्रिस्ती मठजीवनाचा जनक म्हणून कुठे इजिप्तच्या अंतोनीचं नाव वाचायला मिळतं तर कुठे पाखोमियसचं, मग खरा कोण, आणि या पाखोमियसने असं केलं तरी काय, आज त्याचं काय शिल्लक आहे. मी बरीच वर्षं सेमिनरीत चर्चचा इतिहास शिकवला आणि त्याच काळात मुलांचं बोर्डिंगही सांभाळलं, त्यामुळे पाखोमियसबद्दल माझं झुकतं माप आहे हे आधीच सांगून टाकतो.

आधी एक घोळ मिटवू. हा अंतोनी म्हणजे आपला मंगळवारच्या नोव्हेना प्रार्थनेचा, बाळ येशूला कडेवर घेतलेला अंतोनी नव्हे. तो पदुआचा, सुमारे नऊशे वर्षांनंतरचा. इजिप्तचा अंतोनी वाळवंटात एकटा राहणारा तपस्वी, त्याच्याभोवती माणसं जमली, पण प्रत्येकाची झोपडी वेगळी, भाकरी वेगळी, काम वेगळं, उपासही ज्याचा त्याचा. पाखोमियसने एक कुंपण, एक स्वयंपाकघर आणि एक तिजोरी असा मठ उभा केला. म्हणून एकांतवासाच्या परंपरेत अंतोनी आणि सामुदायिक मठाच्या परंपरेत पाखोमियस, भांडण तिथेच मिटतं. बरं, 'पहिला' म्हणाल तर तोही नाही, त्याच्याच ग्रीक चरित्रात आओटास नावाच्या एकाने आधी असा प्रयत्न केला होता आणि तो जमला नाही असं स्पष्ट लिहिलंय, आणि मुख्य चर्चपासून फुटलेल्या मेलिटियन पंथाचे मठही त्याच सुमारास होते. पाखोमियसचं मोठेपण पहिलेपणात नाही, त्याने ती गोष्ट चालवून दाखवली यात आहे.

माणूस होता कोण? साधारण इ. स. २९२ च्या आसपास वरच्या, म्हणजे दक्षिण, इजिप्तमध्ये स्ने गावी जन्मला, ग्रीक लोक त्याला लाटोपोलिस म्हणायचे, आजचं एस्ना. आईवडील ख्रिस्ती नव्हते. विशीत असताना, ३१२ च्या सुमारास, रोमन सैन्याची जबरदस्तीची भरती झाली त्यात पकडला गेला. नाईलमधून नावेने नेताना या पोरांना थेब्झला, म्हणजे आताच्या लक्सरला, तुरुंगात कोंडून ठेवलं आणि रात्री गावातली काही अनोळखी माणसं खायला घेऊन आली. त्याने विचारलं हे कोण, आमच्याशी असे का वागतात, तर उत्तर मिळालं की हे ख्रिस्ती आहेत. त्याने तिथेच नवस केल्यासारखी प्रार्थना केली की सुटलो तर मीही माणसांची सेवा करीन. लढायची वेळ आलीच नाही, सम्राटाने शत्रूला हरवलं आणि भरती केलेली पोरं सोडून दिली, हाही सुटला आणि शेनेसेत नावाच्या गावात जाऊन बाप्तिस्मा घेतला. काहीजण छातीठोकपणे सांगतात की मठाची शिस्त त्याने मिलिटरीतून आणली. अहो, तो मिलिटरीत होता किती? बराचसा वेळ कोंडलेलाच होता. मला तरी ते पटत नाही, त्याच्यावर छाप पडली ती त्या जेवण आणणाऱ्या माणसांची.

मग पालामोन नावाच्या एका कडक म्हाताऱ्या तपस्व्याकडे सात वर्षं उमेदवारी केली. पालामोन भाकरी आणि मीठ खाणारा, त्यातही मिठात राख मिसळणारा. एकदा ईस्टरचा सण म्हणून पाखोमियसने मिठात थोडं तेल घातलं तर म्हातारा रडायलाच लागला की माझा प्रभू क्रुसावर गेला आणि मी तेल खाऊ? ते तेलाचं मीठ काढून टाकलं तेव्हा कुठे जेवायला बसला. पाखोमियसने गुरूचा शब्द मोडला नाही, पण पुढे स्वतःच्या मठात आजाऱ्यांसाठी वेगळी खोली आणि वेगळा स्वयंपाक ठेवला हे लक्षात ठेवा.

आता खरा भाग. साधारण ३२३ मध्ये नाईलकाठच्या ताबेन्निसी नावाच्या ओसाड पडलेल्या गावात तो राहायला लागला. आधी सख्खा भाऊ जॉन आला, आणि पहिलं भांडण कशावरून, तर भिंतीवरून! पाखोमियसला जागा वाढवायची होती, पुढे माणसं येतील म्हणून, आणि भावाला दोघांपुरतं पुरे होतं. मग खरंच माणसं आली आणि पहिला प्रयोग साफ फसला. हा किस्सा कॉप्टिक, म्हणजे तिथल्या इजिप्ती भाषेतल्या, चरित्रात आहे, ग्रीकमध्ये तो असा उघडपणे येत नाही. पाखोमियसचा विचार असा की मी सगळ्यांचा सेवक होईन, स्वयंपाक मी करीन, आला-गेला मी बघीन, आजारी माणसाचं मी करीन, तुम्ही कमाईतला जेवणापुरता वाटा द्या, बाकीचे पैसे तुमचे तुमच्याकडे. झालं काय, ती मंडळी त्याला खरोखरचा गडी समजायला लागली. कापणीच्या दिवसात तो शेतावर त्यांचं जेवण घेऊन गेला, जेवणं झाली, तर हे गाढवांवर उड्या मारून बसले आणि हसत हसत म्हणाले की पाखोमियस, तू आमचा नोकर ना, ही भांडी तू घेऊन ये. आणि तो भांडी पाठीवर घेऊन गेला!

चार-पाच वर्षं त्याने हे सहन केलं. मग एक दिवस नियम सांगितले, प्रार्थनेला सगळ्यांनी यायचं, जेवण एकत्र, पैसे एकत्र. मंडळींनी ऐकलं नाही तेव्हा सगळ्यांना हाकलून दिलं. ते बिशपकडे तक्रार घेऊन गेले, तिथे बिशपने उलट त्यांनाच सुनावलं.

बोर्डिंग, आश्रम, मेस काहीही चालवलेल्या माणसाला हा किस्सा वाचताना हसूही येईल आणि पोटात गोळाही येईल. एका माणसाच्या चांगुलपणावर घर चालत नाही, चांगुलपणा जितका जास्त तितके लोक डोक्यावर बसतात. त्याच्या सगळ्या नियमांच्या मुळाशी ही पहिली पाच वर्षं आहेत असं माझं मत. पुढच्या वेळी त्याने सेवा सोडली नाही, फक्त ती सगळ्यांना वाटून दिली, आठवड्याच्या पाळीने. म्हणजे या आठवड्यात या घराची पाळी, पुढच्या आठवड्यात त्या घराची, आणि त्यात स्वतः पाखोमियसही आला.

'घर' म्हणजे काय ते सांगतो, कारण सिस्टीमचा गाभा तिथे आहे. एका मठात बरीच घरं, एकेका घरात साधारण वीस ते चाळीस भिक्षू, प्रत्येक घराला एक प्रमुख आणि एक उपप्रमुख. घरं बहुतेक कामानुसार, विणकरांचं घर, चटईवाल्यांचं, शिंप्यांचं, चांभारांचं, परीट, गाड्या बनवणारे असे. वर मठाचा प्रमुख, त्याच्यावर सगळ्या मठांचा प्रमुख म्हणजे पाखोमियस, आणि पबोऊ इथे हेडऑफिस. पबोऊ साधारण ३२९ चं, ताबेन्निसीत जागा पुरेना म्हणून काढलेलं. वर्षातून दोनदा सगळे मठ पबोऊला जमायचे, एकदा ईस्टरला प्रार्थनेसाठी आणि बाप्तिस्म्यांसाठी, एकदा ऑगस्टमध्ये हिशोबासाठी. कुणी किती चटया विणल्या, किती दोर वळले, काय विकलं, काय घेतलं, सगळं मोठ्या कारभाऱ्यापुढे मांडायचं, नवीन नेमणुका व्हायच्या आणि एकमेकांच्या चुकांना माफीही याच बैठकीत. ऑडिट आणि कबुलीजबाब एकाच बैठकीत उरकण्याची आयडिया मला भयंकर आवडते.

कपडे म्हणजे लिननचा बिनबाह्यांचा अंगरखा, वर बकऱ्याचं कातडं, डोक्यावर टोपडं आणि त्या टोपड्यावर मठाची आणि घराची खूण. जेवताना टोपडं पुढे ओढून बसायचं, शेजारच्याने किती खाल्लं ते दिसता कामा नये. झोपायचं आडवं होऊन नाही, मागे टेकता येईल अशा बैठकीवर. आणि वाचता येणं सक्तीचं! नव्याने आलेल्याला अक्षरओळख नसेल तर दिवसातून तीनदा शिकवणाऱ्याकडे जायचं, मनात नसलं तरी शिकावंच लागेल, आणि निदान नवा करार आणि स्तोत्रसंहिता पाठ करायची असा नियमच आहे. चौथ्या शतकात नाईलकाठच्या शेतकरी पोरांसाठी ही केवढी मोठी गोष्ट होती! याबद्दल पाखोमियसला हवं तेवढं श्रेय मिळत नाही.

पण नियम म्हणजे नुसता कडकपणा असं वाटत असेल तर चटयांची गोष्ट ऐका. एका मठात स्वयंपाक्याने बघितलं की बरेच भिक्षू शिजवलेली भाजी घेतच नाहीत, भाकरी-मिठावर राहतात. मग त्याने विचार केला की रोज एवढं तेल आणि वेळ घालवून शिजवायचं आणि फेकायचं कशाला, त्यापेक्षा त्या वेळात चटया विणाव्यात. दुसरा कुणी असता तर शाबासकी दिली असती. पाखोमियस भेटीला आला, त्याने विचारलं किती चटया झाल्या, म्हणाले पाचशे. सगळ्या आणायला लावल्या आणि जाळून टाकल्या. त्याचं म्हणणं असं की ताटात समोर असलेली भाजी एखादा स्वतःहून सोडतो तेव्हा तो उपास, तुम्ही भाजीच केली नाही तर त्याने सोडलं काय? शिवाय मठात पोरं आहेत, आजारी आहेत, त्यांना मागायचीही लाज वाटेल. यातला दुसरा मुद्दा वर्गात कुणी सांगत नाही, सगळे पहिल्यावर प्रवचन देतात. मी किचन सांभाळलंय म्हणून सांगतो, दुसरा मुद्दाच खरा आहे. जे ठरावीक पदार्थ मुलं खात नाहीत म्हणून आम्ही बंद करायचो, ते खाणारी दोन-चार मुलं नेहमी असायची आणि ती कधीच तोंड उघडायची नाहीत.

दुसरी गोष्ट गव्हाची. दुष्काळ होता, एका भिक्षूला शंभर सोन्याची नाणी देऊन गहू आणायला पाठवलं. बाजारात कुठेच नीट मिळेना, शेवटी एका शहरात सरकारी कोठाराचा अधिकारी भक्त निघाला, त्याने बाजारभावापेक्षा कितीतरी स्वस्त आणि वर उधारीवरही दिला. भिक्षू खूश होऊन नाव भरून परत निघाला. पाखोमियसला कळलं तेव्हा त्याने निरोप पाठवला की त्या गव्हाचा एक दाणाही मठात येता कामा नये. तो लोभाचा सौदा आहे, आपल्यावर कर्ज करून ठेवलंस, उद्या नाव बुडाली असती तर फेडणार कोण? तो सगळा गहू त्याच भावाने विकून त्या माणसाचे पैसे परत करायला लावले आणि या भिक्षूला पुन्हा कधी खरेदीला पाठवलं नाही. ओळखीवर मिळालेला स्वस्त माल नाकारायची छाती आजच्या किती ट्रस्टींमध्ये आहे ते तुम्हीच बघा.

बायकांचा मठ पण याच काळातला. त्याची बहीण मारिया भेटायला आली, तो भेटला नाही, दारावरच्या माणसाकडून निरोप दिला की मी जिवंत आहे हे कळलं ना, आता तुलाही हे जीवन हवं असेल तर बांधून देतो. आजच्या नजरेने हे तुटक वाटतं आणि होतंही, पण त्याने बांधून दिलं खरं, आणि पुढे दोन मठ बायकांचे आणि नऊ पुरुषांचे झाले. बायका सूत कातायच्या, कपडे शिवायच्या.

किती लोक होते? इथे सावध. भिक्षूंच्या गोष्टी लिहून ठेवणारा पॅलॅडियस एकूण सात हजार म्हणतो, तर बायबल लॅटिनमध्ये आणणारा जेरोम वार्षिक मेळाव्याला जवळजवळ पन्नास हजार जमायचे असं लिहितो. जेरोमला आकडे फुगवायची सवय होती, पन्नास हजारांना पबोऊत भाकरी कोण पुरवणार? सात हजारही नंतरच्या काळातले धरले तर ठीक. पॅलॅडियसचीच ती देवदूताने पितळी पाटी आणून नियम दिल्याची गोष्ट, इंटरनेटवर फार फिरते, पण नियम एका दिवसात पाटीवरून आलेले नाहीत. ते चुकत-माकत, एकेक भांडण झाल्यावर वाढत गेलेत, वाचताना जाणवतं. जपाची दोरी त्याने शोधली हेही असंच, जुन्या साधनांमध्ये नाही.

आणखी एक प्रश्न मराठी वाचकांकडून हमखास येतो, हे सगळं बौद्ध भिक्खूंकडून घेतलं का? प्रश्न रास्त आहे, कार्ले-कान्हेरीचे विहार पाखोमियसच्या कितीतरी आधीचे आणि पश्चिम किनाऱ्यावरून इजिप्तला माल जातच होता. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट या ख्रिस्ती लेखकाने इ. स. २०० च्या सुमारास बुद्धाचं नाव घेतलंय, आणि तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात उत्खननात बुद्धाची संगमरवरी मूर्ती सापडल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. म्हणजे ओळख होती. पण स्नेच्या या कॉप्टिक बोलणाऱ्या माणसापर्यंत ती पोचली याचा एकही धागा हातात नाही, तेव्हा दावा करू नये. आणि आपल्याकडच्या ख्रिस्ती लोकांना पाखोमियस माहीत नसतो याचं कारण साधं आहे, वसईला आणि गोव्याला आले ते फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन, जेझुइट. वसईच्या किल्ल्यात त्यांचीच पडकी चर्चेस दिसतात. ही गावात फिरून काम करणारी मंडळी, कुंपणाआडचा मठ आपल्या भागात फारसा रुजलाच नाही.

तो परिपूर्ण होता का? मुळीच नाही. वारसदाराच्या बाबतीत तर त्याने मोठाच घोळ केला. थिओडोर हा त्याचा सगळ्यात आवडता आणि लायक शिष्य. पाखोमियस एकदा खूप आजारी पडला तेव्हा म्हातारे भिक्षू थिओडोरच्या मागे लागले की गुरू गेला तर तू सांभाळशील असा शब्द दे, तो नाही नाही म्हणत शेवटी हो म्हणाला. पाखोमियस बरा झाला, त्याला कळलं, आणि त्याने थिओडोरला सगळ्या पदांवरून काढून टाकलं, कित्येक दिवस तो बिचारा रडत होता. मग ३४६ मध्ये प्लेगसारखी साथ आली, पुष्कळ भिक्षू गेले, ९ मेला पाखोमियसही गेला, आणि जाताना नाव घेतलं पेट्रोनियसचं, जो स्वतः आजारी होता आणि काही महिन्यांतच वारला. मग होर्सिएसी आला, चांगला माणूस, पण ३५० च्या सुमारास एका मठाचा प्रमुख अपोलोनियस उठला की आमच्या मठाची मालमत्ता आम्ही वेगळी ठेवणार. भांडण जमिनी आणि होड्यांवरून. मठ श्रीमंत झाले होते, आधी सगळ्यांमध्ये मिळून दोन नावा होत्या, नंतर प्रत्येक मठ आपापल्या बांधायला लागला. शेवटी होर्सिएसीने थिओडोरलाच बोलावलं, त्याने समजूत काढली, मठप्रमुखांच्या बदल्या केल्या आणि ३६८ मध्ये मरेपर्यंत गाडा ओढला. त्यालाही शेवटी हीच चिंता होती की शेतं आणि नावा फार झाल्या.

उरलं काय म्हणाल तर नियम उरले. ४०४ मध्ये जेरोमने ते लॅटिनमध्ये आणले, अलेक्झांड्रियाजवळच्या मठात कॉप्टिक-ग्रीक न येणारे भिक्षू होते त्यांच्यासाठी. तिथून आणि इजिप्तचे भिक्षू पाहून आलेल्या जॉन कॅसियनच्या लिखाणातून ते पश्चिमेत गेले, सहाव्या शतकातल्या इटलीच्या बेनेडिक्टच्या मठ-नियमावरही या परंपरेची छाप आहे. पाखोमियसची काही पत्रंही आहेत, त्यात मध्येच अक्षरांचा सांकेतिक लिपीसारखा वापर आहे आणि तो आजवर कुणाला समाधानकारक सुटलेला नाही. पबोऊ म्हणजे आजचं फाव किब्ली, तिथे पाचव्या शतकातल्या मोठ्या बॅसिलिका चर्चचे ग्रॅनाइटचे खांब पडलेले आहेत. नाग हम्मादीची प्रसिद्ध हस्तलिखितं, बरीचशी चर्चने न मानलेल्या मतांची, १९४५ मध्ये सापडली ती याच परिसरात, म्हणून ती पाखोमियसच्या भिक्षूंनी लपवली असं पुष्कळ जण मानतात, विरोधही तेवढाच आहे. त्याची मठसंस्था मात्र सलग टिकली नाही. ख्रिस्ताच्या स्वरूपाच्या वादावर भरलेल्या कॅल्सिडोनच्या ४५१ च्या परिषदेनंतर चर्च फुटलं, सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या काळात ती परिषद न मानणाऱ्या पबोऊच्या प्रमुखाला बाहेर पडावं लागलं आणि पुढे सगळं विस्कटलं. त्याच्या नावाचे कॉप्टिक मठ वरच्या इजिप्तमध्ये आहेत, पण ते नंतरचे.

शेवटच्या आजारपणातला एक प्रसंग राहिला. चाळीस दिवस पडून होता, अंगावरचं पांघरूण जड वाटायला लागलं म्हणून हलकं जुनं एखादं मागितलं. थिओडोर कारभाऱ्याकडून छानसं, नवं, हलकं घेऊन आला तर म्हातारा म्हणाला काढ, बाकीच्या आजारी भावांपेक्षा मला वेगळं काही नको, आणि जुनं विरलेलं घेतलं. गेल्यावर त्याला डोंगरात पुरलं, पण थिओडोर काही जणांना घेऊन रात्री गेला आणि त्याने देह काढून दुसऱ्या जागी ठेवला, लोक समाधी बांधून पूजा करत बसतील म्हणून. ती जागा कुणालाच माहीत नाही. त्यामुळे इजिप्तच्या टूरमध्ये कुणी गाइड पाखोमियसची कबर दाखवतो म्हणाला तर त्याला वेगळे पैसे देऊ नका, फाव किब्लीचे खांब बघा आणि परत या.